पुठ्यांची कमान

नगरच्या जुन्या कमानींवर लिहिणारे बहुतेकजण दगडाबद्दल लिहितात. साहजिकच आहे, कारण उरला आहे तो दगड. हुसेन निजामशहानं 1559 ते 1562 या काळात मातीच्या किल्ल्याच्या जागी दगडी किल्ला बांधला. भिंगारजवळची दमडी मशीद त्यानंतर थोड्याच वर्षांत झाली. फराहबागेचा महाल निजामशाहीतल्या चंगीझखानानं सुरू करून सलाबतखानानं पुरा केला आणि त्याच सलाबतखानाची कबर शहा डोंगरावर आहे, जिला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात. या चारही ठिकाणी मी हिंडलो आहे. घराण्यानं आणि पोटापाण्यानं मी सुतार आहे, त्यामुळे कमानीकडे बघताना मला आधी तिथं नसलेली वस्तू दिसते, ती म्हणजे कालबूत.

कमान हवेत रचता येत नाही. मधला शेवटचा दगड बसेपर्यंत बाकीचे दगड एकमेकांना धरत नाहीत, तोवर त्यांना खालून आधार लागतो. कुठं विटा-मातीचा भराव घालून तो दिला जातो, कुठं लाकडाचा साचा उभा करून. त्या साच्याला आमच्याकडे कालबूत म्हणतात. त्याची वरची कड जशी तशीच कमान होते. तिथं अर्ध्या बोटाची चूक झाली, की ती दगडात कायमची राहते. गवंड्याचं काम संपलं आणि चुना धरला, की कालबूत काढून पुढच्या कमानीखाली न्यायचं, नाहीतर मोडून जळण करायचं. नगरच्या टोकदार कमानींपैकी ज्या लाकडावर रचल्या गेल्या, त्यांची गोलाई आधी एखाद्या सुतारानं फळीवर ओढली होती. त्याचं नाव कुठल्याही शिलालेखात असायचं कारण नव्हतं. पण त्याचा हात त्या दगडात आहे, असं मी मानतो.

लाकडाची कमान टिकून राहिली ती वाड्यांत. पेशवाईत या मुलखात सरदार, देशमुख, सावकार यांचे वाडे झाले. रघुनाथराव पेशवे तर अखेरच्या दिवसांत कोपरगावलाच होते आणि 1783 मध्ये तिथंच वारले. वाड्याच्या चौकात उभं राहून खांबांच्या ओळीकडे नीट पाहा. सुरूच्या आकाराचा खांब, त्यावर हस्त, हस्तावर तुळई. छताचं सगळं वजन तुळईवरून खांबात आणि खांबातून खालच्या दगडी तळखड्यात उतरतं. दोन खांबांमधली पाकळ्यापाकळ्यांची महिरप या वाटेत कुठंच नाही. तुळईखाली दोन्ही बाजूंनी दोन कोरीव फळ्या आणायच्या आणि मधोमध त्यांचा सांधा एखाद्या फुलाखाली झाकायचा. ती काढली तरी छत जागचं हलत नाही. दगडातली कमान भार वाहते आणि लाकडातली महिरप तिचं रूप घेऊन नुसती शोभा देते.

म्हणून ती हलकी कारागिरी ठरत नाही. झाड सरळ वाढतं आणि लाकडाची रेषा त्याच्या उंचीबरोबर धावते. सरळ फळीतून गोल तुकडा कापला, की मध्ये रेषा लांब मिळते, पण टोकांकडे ती आडवी तुटत जाते आणि तिथं लाकूड बिस्किटासारखं मोडतं. शिवाय फळी किती रुंद लागेल याचा हिशोब आहे. चार फूट रुंदीची अर्धगोल खिडकी घ्या, भोवती चार इंची पट्टी लावायची आहे. ती दोनच तुकड्यांत करायची तर 11 इंच रुंद फळी हवी. तीन तुकड्यांत सव्वासात इंच पुरते. पाच तुकडे केले तर पाच इंचांहून थोडी जास्त लागते आणि प्रत्येक तुकड्यात रेषाही धड राहते. म्हणजे गोल काम म्हणजे तुकड्यांचं काम, आणि त्यातला प्रत्येक सांधा वर्तुळाच्या मध्यबिंदूकडे तोंड करून असला पाहिजे.

गावाकडच्या सुताराला हे कुठं मिळालं? माझं ठाम मत आहे, की ते बैलगाडीच्या चाकातून आलं. बारा बलुतेदारांत सुतार थोरल्या कासेचा, म्हणजे पहिल्या दर्जाचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाड्या’त ही सगळी मांडणी आहे. सुताराला बलुतं मिळे ते मुख्यतः नांगर, कुळव, पाभर यांच्या दुरुस्तीबद्दल. पण सुताराच्या कामांत सर्वांत अवघड ते बैलगाडीचं चाक. मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि त्यांना बाहेरून धरणारे गोलाईचे जाड तुकडे, ते पुठे. आमच्याकडे एका चाकाला सहा पुठे आणि बारा आरे, म्हणजे एका पुठ्यात दोन आरे. पुठ्याला बाभूळ, तीही वाकड्या फांदीची, म्हणजे झाडाची रेषा आपोआप पुठ्याच्या गोलाईबरोबर जाते. वडील बांधावरची बाभूळ बघूनच सांगायचे, यात दोन पुठे आहेत, त्यात एकही नाही. पुठ्याचा लाकडी फर्मा भिंतीला टांगलेला असे. पुठे खुंट्यांनी जोडले, की लोहार लाल केलेली लोखंडी धाव वरून चढवायचा आणि पाणी ओतायचा. धाव आकसली, की सगळे सांधे एकमेकांवर आवळून बसत.

याच फर्म्याचं मोठं रूप म्हणजे कमानीच्या खिडकीची चौकट. चाकाचं अर्धवर्तुळ उभं करायचं. फरक इतकाच, की इथं सांधे आवळायला धाव नसते. मग पट्टी दोन थरांत करायची आणि गवंडी विटांत जशी सांधेमोड करतो तशी इथंही करायची, खालच्या थराचा सांधा वरच्या तुकड्याच्या मध्यावर येईल अशी.

1878 मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि मुंबई बंदरात उतरणारं बर्मी सागवान नगरच्या जवळ आलं. भिंगारच्या छावणीतले बंगले, कचेऱ्या, मिशनच्या इमारती यांना गोल डोक्याच्या काचेच्या खिडक्या हव्या होत्या. अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून नगरात होतं. पुढे त्यांची सर डी. एम. पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा निघाली. तिथं ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सुतारकी नव्हती अशी मुलंही रंधा धरू लागली. जातीनं बांधलेला धंदा शाळेत शिकवता येतो, हे त्यातून दिसलं, आणि मला ते त्या खिडक्यांपेक्षाही मोलाचं वाटतं.

मग चाक गेलं. 1950 मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मागोमाग जिल्ह्यात आणखी कारखाने झाले आणि ऊस वाहायला टायरगाडी आली. ती बैलाला सोपी जाते आणि रस्त्यालाही. तिच्याविरुद्ध मला काहीच म्हणायचं नाही. पण पुठे तासणं थांबलं आणि मुलाच्या हाताला गोलाईचा सराव मिळायचा एकमेव रोजचा मार्ग बंद झाला. महिरपीचं काम वर्षाकाठी कधीतरी यायचं, चाकाचं दर आठवड्याला. महिरप विसरली गेली ती चाकामागोमाग, असं मला वाटतं.

आता माझ्याकडे काम येतं ते जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या दुरुस्तीचं. खिडकीभोवतीची पट्टी वाळवीनं खाल्लेली असते, चुन्याचा गिलावा सुटलेला असतो. जुनी कमान कधीही खरं अर्धवर्तुळ नसते. डावी बाजू उजवीशी जुळत नाही, म्हणून कर्कटकानं गोल ओढून चालत नाही. जागेवर कागद दाबून रेघ घ्यायची, तीवरून पातळ प्लायचा फर्मा कापायचा, तो परत कमानीत लावून घासत बसवायचा. मग कार्यशाळेच्या फरशीवर पूर्ण मापात आखणी करून तुकडे जुळवायचे. कड तासताना दिशा सांभाळावी लागते. आतल्या कडेला तुकड्याच्या टोकांकडून मध्याकडे यायचं आणि बाहेरच्या कडेला मध्याकडून टोकांकडे जायचं. उलट गेलात तर रेषा उचकते आणि चिप्पी निघते. नक्षीची गोल खाच सरळ रंध्यानं होत नाही. त्यासाठी जुन्या करवतीच्या पात्याला कानशीनं उलटा आकार देऊन खरवडा करतो आणि हळूहळू ओढत खाली जातो.

लाकूड मुंबईहून आणलं, की लगेच कापत नाही. नगर कोरडा जिल्हा आहे, इथल्या चैत्र-वैशाखात दमट हवेतलं लाकूड आकसतं आणि पाच तुकड्यांचे चारही सांधे दोरा जाईल इतके उघडतात. एक उन्हाळा ते सावलीत रचून ठेवावं लागतं. गिऱ्हाइकाला हे पटवणं कठीण जातं. एमडीएफची पट्टी मशीनवर एका दिवसात गोल कापून मिळते, पण पावसाळ्यात खिडकीच्या तोंडाशी ती फुगते. मागून करवतीचे खापे घेऊन वाकवलेली पट्टी आतल्या दाराला चालते, बाहेरच्या खिडकीला नाही, कारण खाप्यांत पाणी बसतं.

पट्टी बसवताना मधला तुकडा आधी लावतो, नंतर दोन्ही बाजूंनी उतरत येतो. शेवटचे दोन तुकडे खाली थोडे लांब ठेवलेले असतात, ते जागेवर कापून उभ्या चौकटीला मिळवतो. खिळ्याऐवजी सागाच्या खुंट्या मारतो. उद्या एखादा तुकडा कुजला, तर तेवढीच खुंटी पोखरून तेवढाच तुकडा बदलता येतो आणि बाकीच्या चारांना हात लावावा लागत नाही. भिंतीकडची फट चुन्यानं भरायची, सिमेंटनं कधीच नाही. सिमेंट ओल धरून ठेवतं आणि सागसुद्धा मागच्या बाजूनं काळा पडत जातो.

जुना वाडा पाडताना आजकाल खांब आणि महिरपी आधी विकल्या जातात. त्या शहरांतल्या उपाहारगृहांच्या भिंतींवर जातात. माझी मागणी साधी आहे. पाडण्यापूर्वी एक दिवस द्यावा. महिरपीखाली कागद धरून रेघ घ्यावी, तुळईतली खाच मोजावी, सांधा कुठं आणि कसा आहे ते लिहून ठेवावं. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये सुतारकामाचे वर्ग आहेत, त्या मुलांना हे काम सोपवता येईल. मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. दोन मुलं शिकायला येतात. त्यांना आधी महिरप शिकवत नाही, बाभळीचा पुठा तासायला देतो.