नागपूर ते नॅशव्हिल

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५३ ते १९५६ या काळात जेम्स लॉसन नावाचे तरुण अमेरिकी मिशनरी होते. कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीची सैन्यभरती नाकारून तुरुंगवास भोगून आलेले. मुलांना खेळ शिकवायचे आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करायचे. माँटगोमेरीतील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातल्याची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. आपल्याकडे या चळवळीचा विषय निघाला की किंग आठवतात; हा नागपूरचा धागा सहसा सुटतो.

१९५८ मध्ये लॉसन नॅशव्हिलला गेले, व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले आणि चर्चमध्ये विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेऊ लागले. व्याख्यानाच्या जोडीला तिथे तालीम असे. काहींनी गोरे गुंड व्हायचं, शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ढकलायचं. बाकीच्यांनी हात न उचलता ते सोसायचं. फिस्क विद्यापीठातली डायन नॅश आणि बॅप्टिस्ट सेमिनरीतला जॉन लुईस याच तालमीत तयार झाले.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोत चार विद्यार्थी वूलवर्थच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. त्या दुकानात कृष्णवर्णीयांचे पैसे चालत, वस्तू मिळत. बसून कॉफी मात्र मिळत नसे. गावच्या हॉटेलातली वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. १३ तारखेला नॅशव्हिलची मुलं उतरली. २७ तारखेला त्यांना जमावाने मारलं आणि पोलिसांनी अटक केली ती ८१ विद्यार्थ्यांनाच! त्यांनी ५० डॉलर दंड भरायला नकार देऊन तुरुंग पत्करला. मार्चमध्ये विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकलं.

दरम्यान कृष्णवर्णीय कुटुंबांनी बाजारपेठेतली ईस्टरची खरेदीच थांबवली. माझ्या मते दुकानदार नरमले ते मुख्यतः यामुळे. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील लूबी यांच्या घरावर डायनामाइट फेकलं गेलं. त्याच दिवशी हजारोंचा मूक मोर्चा महापौर बेन वेस्ट यांच्याकडे गेला. केवळ रंगावरून भेद करणं योग्य आहे का, असं नॅशने त्यांना तोंडावर विचारलं. योग्य नाही, हे त्यांनी मान्य केलं. १० मे रोजी सहा दुकानांतले काउंटर खुले झाले.

पुढच्या वर्षी अलाबामात फ्रीडम राइडची बस जाळली गेली. प्रवास थांबणार अशी चिन्हं दिसताच नॅशने नॅशव्हिलहून विद्यार्थी धाडले. काहींनी निघण्याआधी मृत्युपत्रं लिहिली. लुईस पुढे ३३ वर्षं अमेरिकी काँग्रेसमध्ये होते. लॉसन यांना व्हॅन्डरबिल्टने २००६ मध्ये प्राध्यापक म्हणून परत बोलावलं. जून २०२४ मध्ये, ९५व्या वर्षी ते वारले.