सिनेमाचा खर्च गेमच्या खात्यावर

गेम कन्सोलवर सिनेमाही दिसू लागला की यंत्र आपोआप खपतं, अशी एक समजूत आहे, आणि तिच्या पुष्ट्यर्थ हमखास प्लेस्टेशन २ चं नाव घेतलं जातं. दाखला खरा आहे, पण अर्धाच. सोनीने हे यंत्र ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये ३९,८०० येनला आणलं, तेव्हा डीव्हीडी बाजारात येऊन तीन वर्षं उलटली होती. माध्यम कोणतं हा वाद केव्हाच मिटला होता, सिनेमे दुकानांत होते, फक्त प्लेअर घरोघरी पोचायचे होते. सुरुवातीचे गेम यथातथाच असूनही यंत्रावर उड्या पडल्या आणि त्याच सुमारास ‘द मॅट्रिक्स’ची डीव्हीडी जोरात खपली. खरं तर सोय ओबडधोबडच होती. पहिल्या जपानी यंत्रांत डीव्हीडी चालवणारं सॉफ्टवेअर मेमरी कार्डावर असायचं. गेमची प्रगती साठवायला जागा हवी म्हणून कुणी ते पुसलं, की सोबतच्या सीडीवरून पुन्हा चढवेपर्यंत सिनेमा बंद! तरीही लोकांनी ते चालवून घेतलं.

यावर आक्षेप असा, की प्लेस्टेशन २ तरलं ते गेमवर. जुन्या प्लेस्टेशनचे गेमही त्यावर चालत. पुढच्या काळापुरतं हे मान्य. स्वतंत्र डीव्हीडी प्लेअर स्वस्त झाल्यावर सिनेमासाठी कन्सोल घेण्याचं कारणच उरलं नाही. पण चांगले गेम येईपर्यंतचा अवघड काळ डीव्हीडीने सुसह्य केला. सेगाच्या ड्रीमकास्ट या कन्सोलला हा आधार नव्हता. ते बुडण्यामागे सेगाची जुनी कर्जंही होती, त्यामुळे सगळा दोष सिनेमाच्या अभावावर टाकता येत नाही. मायक्रोसॉफ्टने २००१ च्या एक्सबॉक्समध्ये हिशेब चोख ठेवला: सिनेमा हवा, तर सुमारे ३० डॉलरचा रिमोट वेगळा घ्या.

२००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे बसवून तोच डाव पुन्हा टाकला, पण या खेपेला माध्यम ठरलेलं नव्हतं. ब्लू-रे आणि तोशिबाची एचडी डीव्हीडी यांची झुंज चालू होती आणि तिचा खर्च यंत्राच्या माथी आला. ब्लू-रेला लागणाऱ्या निळ्या लेझरच्या डायोडचा तुटवडा पडल्याने युरोपातलं आगमन मार्च २००७ पर्यंत लांबलं, अमेरिकेत मोठ्या आवृत्तीची किंमत ५९९ डॉलर झाली, आणि त्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला सुमारे २३२ अब्ज येनचा तोटा झाला. सिनेमाच्या वाटेला न गेलेला निन्टेंडोचा २५० डॉलरचा वी हा कन्सोल मात्र पुढे दहा कोटींच्या वर खपला. ब्लू-रे अखेर जिंकला, तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये माघार घेतली, मग डाव फसला कसा, असं कुणी विचारेल. सिनेमाच्या धंद्यापुरता तो फसला नाही, इतकंच. प्लेस्टेशन २ ला डीव्हीडीने हात दिला होता. ब्लू-रेला प्लेस्टेशन ३ ने खांद्यावर घेतलं. आणि ज्या बाजारासाठी हे सोसलं, त्यात नेटफ्लिक्स २००७ पासूनच इंटरनेटवरून सिनेमे दाखवू लागलं होतं.