हळदीचे बत्तीस पुरावे

लहानपणी सुट्टीत गावी गेलो की माझे गुडघे कधी शाबूत नसायचे. रडत घरी आलो की आजी आधी जखम पाण्याने धुवायची. मग बांधावरून दगडीपाल्याची चार पानं खुडायची, तळहातावर चोळायची आणि हिरवा रस जखमेवर पिळायची. असलं झोंबायचं! पाला हाताशी नसेल तर हळदीची चिमूट. (गंजका खिळा लागला की मात्र सरळ दवाखाना, इंजेक्शनला.) यातलं काही 'ज्ञान' आहे असं तिला कधी वाटलं नाही.

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाला मात्र वाटलं. २८ मार्च १९९५ रोजी त्यांनी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिलं, क्रमांक ५४०१५०४. शोध काय, तर हळदीने जखम भरून येते. संशोधक दोघं, दोघेही भारतीय वंशाचे. म्हणजे त्यांच्याही घरी कुणीतरी... असो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून मला यातला नियम जास्त रंजक वाटतो. पेटंटसाठी शोध नवा लागतो. पण तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात 'आधीपासून माहीत' असण्याच्या दोन मोजपट्ट्या होत्या. अमेरिकेत लोक एखादी गोष्ट वापरत असतील तर तेवढं पुरे. अमेरिकेबाहेर मात्र नुसता वापर चालत नसे. ती गोष्ट कुठेतरी छापलेली हवी, नाहीतर पेटंट घेतलेली. देशभरातल्या आज्या शपथेवर साक्ष द्यायला गेल्या असत्या तरी उपयोग शून्य. डॉक्युमेंटेशन नाही, म्हणजे फीचरच नाही.

१९९६ मध्ये सीएसआयआरने या पेटंटला आव्हान दिलं. महासंचालक होते रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकलेले. संस्थेने कागद धुंडाळून बत्तीस संदर्भ काढले, संस्कृत, उर्दू, हिंदीतलेसुद्धा. काही शंभर वर्षांहून जुने. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ सालचा लेखही त्यात होता. १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले. दर वेळी अशी धावपळ नको म्हणून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचं काम सुरू झालं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानीत आली, परदेशातल्या पेटंट तपासनीसांना शोधता येईल अशी.

ग्रंथांतली. इथे मला दगडीपाला आठवला. तो कुठल्या पोथीत असेल?

शोधलं आणि उडालोच. दगडीपाला, कुणाची एकदांडी, कुणाची कंबरमोडी, शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बन्स. हे झाड मूळचं आपलं नाहीच. ते उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. लिनियसने १७५३ मध्ये त्याला नाव दिलं, तेव्हा ठिकाण लिहिलं मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ. चरक-सुश्रुतांनी हे पान पाहिलेलंच नाही. गेल्या काही शतकांत कधीतरी हे तण आपल्या रस्त्याकडेला उगवलं. मग विळा लागल्यावर कुणा गुराख्याने, किंवा खुरपणाऱ्या एखाद्या बाईने ते चोळून लावून बघितलं असणार, आणि शेजारणीला सांगितलं असणार. 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' हे फॉरवर्ड इथे लागू पडत नाही. मला तर हे त्याहून भारी वाटतं. परक्या तणावर नव्याने केलेला प्रयोग, आणि करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. १९८०च्या दशकात भारतीय संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जखमांवर याचा रस तपासला, तोवर गावोगावची पोरं तो लावून मोठी झाली होती.

अमेरिकेने २०११ मध्ये कायदा बदलला. मार्च २०१३ पासून केलेल्या अर्जांसाठी जगात कुठेही झालेला उघड वापर पुरावा म्हणून धरला जातो.

परवा फोनवर आजीला विचारलं, दगडीपाला लावायचं तुला कुणी सांगितलं? म्हणाली, "सांगाय कशाला पायजे? आमच्या सासूबाई लावायच्या." त्यांना कुणी सांगितलं, ते तिलाही माहीत नाही. कॉल रेकॉर्ड केलाय. सव्वा मिनिटाचा आहे.