नेता निवडायचा कुणी?

पाचगणीच्या पठारावर उभे राहिले की कृष्णेचे खोरे नजरेत भरते. याच कृष्णाकाठच्या मुलखाने, म्हणजे आजच्या सातारा व सांगली या जिल्ह्यांनी, महाराष्ट्राला अनेक मुख्यमंत्री दिले. त्यांपैकी दोघांची निवड ताडून पाहिली तर लोकशाहीतील एका जुन्या प्रश्नावर प्रकाश पडतो. मतदार निवडणुकीत कौल देतो हे खरे. परंतु नेतृत्वासाठी पुढे कुणाला करायचे, हे पक्षात कोण ठरवते?

पहिली निवड १९५६ सालची. १ नोव्हेंबरला विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात यायचे होते. नेतेपदाची निवड एकमताने व्हावी, ही मोरारजी देसाई यांची इच्छा होती. भाऊसाहेब हिरे स्पर्धेत उतरताच मोरारजींनी माघार घेतली आणि हिऱ्यांसमोर यशवंतराव चव्हाण उभे राहिले. देवराष्ट्रे या खेड्यात जन्मलेले, कऱ्हाडात वाढलेले यशवंतराव तेव्हा अवघे बेचाळीस वर्षांचे होते. ऑक्टोबरमध्ये काँग्रेसच्या आमदारांनी मतदान केले. यशवंतरावांना ३३३, तर हिऱ्यांना १११ मते पडली. मोरारजींचा पाठिंबा आणि गुजराती आमदारांची मते यांचा या विजयात मोठा वाटा होता. तरीही हार-जीत मतमोजणीने ठरली, आणि त्यामुळे नव्या नेत्याच्या पायाखाली भक्कम जमीन आली.

दुसरी निवड १९८२ सालची. बॅरिस्टर अंतुले यांनी राजीनामा दिल्यावर उत्तराधिकाऱ्याचा निर्णय इंदिरा गांधींवर सोपवण्यात आला. सातारा जिल्ह्यातील तारळ्याचे बॅरिस्टर बाबासाहेब भोसले यांचे नाव दिल्लीहून आले, तेव्हा राजकारणातले जाणकारही चकित झाले. ज्या आमदारांच्या बळावर राज्य चालवायचे, त्यांनी त्यांना निवडलेच नव्हते. पक्षातील असंतोष वाढत गेला, आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये त्यांच्या जागी सांगलीचे वसंतदादा पाटील आले.

अमेरिकेने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवू पाहिला. आरंभी काँग्रेसमधील पक्षाचे सभासद एकत्र बसून अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवीत. १८३० नंतर ते काम राज्याराज्यांतील प्रतिनिधींच्या महाअधिवेशनाकडे गेले. पण तेथेही पक्षातील मातब्बरांचाच शब्द चाले. १९२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात १०३ वेळा मतदान झाले. न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ हे कॅथलिक असणे, हा त्या वादातील एक मोठा मुद्दा होता. १९२८ मध्ये त्यांना उमेदवारी मिळाली, पण हूव्हर यांच्याकडून ते पराभूत झाले. कॅथलिक माणूस निवडून येत नाही, असा निष्कर्ष अनेक पुढाऱ्यांनी काढला.

हा निष्कर्ष खोडून काढला तो सामान्य मतदारांनी. काही राज्यांत उमेदवारीसाठी प्राथमिक निवडणूक होत असे. १० मे १९६० रोजी वेस्ट व्हर्जिनिया या प्रोटेस्टंटबहुल राज्यात जॉन केनेडी यांनी सुमारे ६१ टक्के मते मिळवून ह्यूबर्ट हम्फ्री यांना हरवले. साशंक पुढाऱ्यांना मतपेटीने उत्तर दिले. पुढे १९६८ मध्ये एकही प्राथमिक निवडणूक न लढवता हम्फ्री यांना उमेदवारी मिळाली. शिकागोत अधिवेशनाच्या वेळी झालेल्या दंगलींनी देश हादरला. त्यानंतर नियम बदलले, आणि १९७२ पासून बहुतेक प्रतिनिधी प्राथमिक निवडणुकांतून ठरू लागले.

ही पद्धत निर्दोष नाही. प्रचार लांबतो, पैसा पाण्यासारखा वाहतो. शिवाय २०२४ मध्ये प्राथमिक फेऱ्या संपल्यावर जो बायडन यांनी माघार घेतली, तेव्हा कमला हॅरिस यांची निवड अखेर प्रतिनिधींनीच केली.

तथापि अल्पसंख्य समाजाने यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बंद दाराआड निवड होते, तेव्हा 'आपला माणूस लोकांना चालणार नाही' हा अंदाजच निकाल ठरतो. दार उघडले, तर लोकांना अंदाज खोटा ठरवण्याची संधी तरी मिळते. आपल्याकडील पक्षांच्या सामान्य सभासदांना ती संधी क्वचितच लाभते. मतदानाच्या दिवशी आपण रांगेत उभे राहतो. परंतु यादीतील नावे कुणी लिहिली, हे विचारणेही नागरिकाचे कर्तव्यच आहे.