हकीमसाहेबांचं औषध आणि आयव्हीएफ सोबत सुरू असेल तर : काय माहीत असायला हवं

मूल होण्याची वाट पाहणारी आपल्यातली बरीच जोडपी एकाच वेळी दोन दारं ठोठावतात. जरीपटक्यातून निघालेलं एखादं कुटुंब सकाळी वंध्यत्वाच्या क्लिनिकमध्ये सोनोग्राफीच्या रांगेत बसतं आणि संध्याकाळी मोमिनपुऱ्यात हकीमसाहेबांकडून माजून आणतं. कुणी इतवारीतून जडीबुटीची पुडी आणतं, तर कुणाला नातेवाइकांनी आखाती देशातून पाठवलेली चिनी गोळ्यांची बाटली मिळते. डॉक्टर रागावतील म्हणून तिथे हकीमसाहेबांचं नाव निघत नाही, आणि हकीमसाहेबांना इंजेक्शनांचं कुणी सांगत नाही. सासूबाईंना सगळं माहीत असतं, पण उपचार करणाऱ्या दोघांना अर्धंच.

म्हणून या लेखात आम्ही एकच गोष्ट सांगतो: जे काही पोटात जातं, ते दोघांनाही माहीत असलं पाहिजे. ते का, हे पुढे टप्प्याटप्प्याने बघू.

आधी तपासणी, आणि ती दोघांची

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात साधारण दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी मूल होण्यात अडचण येते. वर्षभर प्रयत्न करूनही हमल राहिला नाही तर तपासणी करावी. पत्नीचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच.

आपल्याकडे औषध आधी सुनेला सुरू होतं. प्रत्यक्षात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकट्याने किंवा सोबतीने असतं. कारण दोघांपैकी कुणातही असू शकतं, हे जुन्या तिब्बी ग्रंथांतही मांडलेलं आहे; इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’मध्येही हा विचार आहे. वीर्यतपासणी स्वस्त आहे, त्यात काही दुखत नाही, आणि तिच्यामुळे बायकोच्या पोटात विनाकारण जाणारी महिनोन्महिन्यांची औषधं वाचू शकतात. आणि हो, नागपूरकरांचा लाडका खर्रा! तंबाखू चघळण्याने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, असं अभ्यासांत दिसलं आहे. तिथे माजून सुरू करण्याआधी खर्रा बंद करणं हे पहिलं औषध.

काही कारणं अशी असतात की तिथे जडीबुटीची वाट पाहण्यात वेळ जातो. दोन्ही नळ्या बंद असणं, गर्भाशयाचा क्षयरोग, पुरुषाचा शुक्राणूंचा मार्ग अडलेला असणं, ही त्यातली. आपल्या देशात नळ्या खराब होण्यामागे क्षयरोग हे मोठं कारण आहे, आणि त्याला क्षयरोगाचीच औषधं लागतात. स्त्रीची बीजं वयाबरोबर कमी होतात, म्हणून ‘अजून सहा महिने हे घेऊन बघू’ या सल्ल्याची किंमत पंचविशीत वेगळी आणि अडतिशीत वेगळी.

चिनी औषध आपल्याकडे कुठून आलं?

चीनशी नागपूरचं वैद्यकीय नातं जुनं आहे. 1938 मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे 1959 मध्ये ॲक्युपंक्चर भारतात आणलं. सुईची ही पद्धत रुजली. चिनी जडीबुटी मात्र इथे फारशी आली नाही.

त्यामुळे आपल्या घरांत हा प्रश्न बहुतेक वेळा युनानी औषधाच्या रूपात येतो. पण दोन्हीकडच्या वनस्पती पुष्कळदा एकाच कुळातल्या असतात. चिनी काढ्यांत सर्रास दिसणारं जेष्ठमध युनानीत अस्लुस्सूस आहे. चिनी ‘हुआंग-ल्येन’ या मुळीतलं बर्बेरिन हे द्रव्य आपल्या दारुहळदीत आणि रसौतमध्ये असतं. म्हणून चिनी औषधांवर झालेले अभ्यास आपल्यालाही उपयोगी पडतात.

अभ्यास काय सांगतात?

पीसीओएस असलेल्या 644 चिनी महिलांवरचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला लेट्रोझोल ही बीज तयार करणारी गोळी दिली, दुसऱ्याला बर्बेरिन, तिसऱ्याला दोन्ही. मूल जन्माला येण्याचं प्रमाण लेट्रोझोल घेणाऱ्यांत 36 टक्के, फक्त बर्बेरिन घेणाऱ्यांत 22 टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांत 34 टक्के होतं. म्हणजे गोळीसोबत जडीबुटीतलं द्रव्य देऊन फायदा वाढला नाही, आणि नुसत्या त्या द्रव्यावर राहिलेल्या गटाला कमी मुलं झाली.

ॲक्युपंक्चरचंही तसंच. चीनमधल्या 1000 महिलांवरच्या 2017 च्या अभ्यासात क्लोमिफीनच्या गोळीने फरक पडला, सुयांनी नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आयव्हीएफ घेणाऱ्या 848 महिलांत खऱ्या सुया लावलेल्यांत 18.3 टक्के आणि दिखाऊ सुया लावलेल्यांत 17.8 टक्के महिलांना मूल झालं. हा फरक नसल्यातच जमा.

यावरून सगळं युनानी औषध निरुपयोगी ठरत नाही. कलौंजी आणि अश्वगंधा यांचे पुरुषांवर काही छोटे अभ्यास झालेत, त्यांत शुक्राणूंत सुधारणा दिसली आहे. पण संख्या सुधारणं वेगळं आणि मूल जन्माला येणं वेगळं. कलौंजीबद्दलची हदीस घराघरात माहीत आहे आणि तिच्यावर आपला विश्वास आहे. पण तिचं नाव घेऊन कुणी आयव्हीएफच्या इंजेक्शनांसोबत रोज मूठभर बिया किंवा तेलाच्या बाटल्या द्यायला लागला, तर किती मात्रा आणि किती दिवस, हे विचारायलाच हवं. स्वयंपाकातली कलौंजी, हळद, मेथी, लसूण यांची भीती नको. इथे प्रश्न गोळ्या, अर्क आणि काढ्यांच्या मोठ्या मात्रेचा आहे.

आयव्हीएफच्या कोणत्या टप्प्यावर काय अडतं?

*इंजेक्शनांचे दिवस.* साधारण 10 ते 12 दिवस रोज इंजेक्शन देऊन एकाऐवजी अनेक बीजं वाढवतात. डॉक्टर सोनोग्राफी आणि रक्ततपासणी बघून मात्रा ठरवतात. याच वेळी हार्मोनवर काम करणारी जडीबुटी सुरू असली तर त्यांचा हिशेब चुकतो. 1994 मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी असं एक उदाहरण नोंदवलं. निर्गुंडीच्याच कुळातल्या व्हायटेक्सचं औषध स्वतःहून घेतलेल्या महिलेच्या अंडाशयात अपेक्षेपेक्षा जास्त बीजं वाढली आणि हार्मोन विस्कळीत झाले. अंडाशय जास्त उत्तेजित झालं तर पोटात पाणी साठतं, कधी दवाखान्यात भरती व्हावं लागतं.

*बीज काढण्याचा दिवस.* हे भूल देऊन, सुईने केलं जातं. लसूण, आलं, जिनको, जिनसेंग यांच्या दाट अर्काच्या गोळ्या रक्त पातळ करू शकतात. कुणाला ॲस्पिरिन किंवा हेपॅरिन सुरू असेल तर धोका आणखी वाढतो. अशा गोळ्या भूल देण्याच्या दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात, म्हणून भूलतज्ज्ञालाही त्या सांगा.

*गर्भ सोडल्यानंतर.* पुढचे दोन आठवडे सगळ्यात नाजूक. पाळी ‘खुली’ करणारी, म्हणजे मुदिर्र-ए-हैज औषधं या काळात अजिबात नकोत. बर्बेरिनही गरोदरपणात टाळतात. जेष्ठमध मोठ्या मात्रेत रक्तदाब वाढवतं. हकीमसाहेबांना तारीख माहीत असेल तर ते स्वतःच ही औषधं थांबवतील. माहीत नसेल तर कशी थांबवणार?

*साखरेचं विसरू नका.* माजून आणि खमीरा साखरेच्या किंवा मधाच्या पाकात बनतात. पीसीओएससाठी मेटफॉर्मिन सुरू असलेल्या, किंवा साखर वाढलेल्या महिलेने रोज दोन चमचे माजून घेतलं तर एका हाताने कमावलं ते दुसऱ्या हाताने गेलं.

या वस्तूंपासून दूर राहा

*जरावंद.* पाळीच्या तक्रारींवरच्या जुन्या नुस्ख्यांत हे नाव येतं. या कुळातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंड कायमचं निकामी होतं आणि कर्करोगही होतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या चिनी जडीबुटीत हीच वनस्पती चुकून मिसळली गेली आणि शंभराच्या आसपास महिलांची मूत्रपिंडं खराब झाली.

*कुश्ता आणि भस्म.* यांत धातू जाळून वापरलेले असतात. संखिया म्हणजे आर्सेनिक, शंगर्फ म्हणजे पारा असलेलं हिंगूळ. शिसं आणि पारा वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. 2004 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 भारतीय उपखंडी औषधांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. 2011-12 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशी औषधं घेतलेल्या सहा गरोदर महिलांच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं. त्यातल्या पाच भारतात जन्मलेल्या होत्या.

*मुलगाच होण्याचं औषध.* बाळाचं लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरतं, नंतरच्या पुडीने ते बदलत नाही. मुलगी द्यायची की मुलगा, हे देणं अल्लाहचं आहे, हा आपला ईमान आहे. असली पुडी विकणाऱ्याकडे पाठ फिरवा.

डबी हातात आली की काय बघायचं?

युनानी आणि आयुर्वेदिक औषधं 1940 च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली परवान्याने बनतात. डबीवर घटकांची यादी, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असलीच पाहिजे. विषारी यादीतला घटक असेल तर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ असा इशाराही. बिननावाची पुडी आणि कोऱ्या बाटलीतल्या गोळ्या परत करा. चिनी लिपीतलं लेबल आपल्याला वाचता येत नाही आणि असल्या बाटलीवर भारतीय परवाना क्रमांक नसतो, त्यामुळे तीही बाजूला ठेवा.

हकीमसाहेब बीयूएमएस पदवीधर आहेत का आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे त्यांची नोंद आहे का, हे अदबीने विचारता येतं. मुंबई, मालेगाव, पुणे, जळगाव, अक्कलकुवा इथल्या युनानी कॉलेजांतून शिकलेले डॉक्टर राज्यभर आहेत. नोंदणी असलेल्या माणसाला असा प्रश्न खटकत नाही.

‘चाळीस दिवसांत हमल, नाहीतर पैसे परत’ अशी पाटी दिसली तर लक्षात ठेवा: 1954 च्या जादुई उपचारांवरील आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात स्त्रियांच्या वंध्यत्वावर औषधाची जाहिरात करायला बंदी आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

क्लिनिकचीही तपासणी करा. 2021 चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी 2022 पासून लागू आहे. क्लिनिकची नोंदणी सक्तीची आहे, आणि यशाची शक्यता किती हे जोडप्याला समजावून सांगणं ही त्यांची जबाबदारी आहे. आयव्हीएफचा आकडा विचारायला लाजू नका.

शरीअतचा प्रश्न

पती-पत्नीचंच बीज आणि शुक्राणू वापरून, निकाह कायम असताना केलेलं आयव्हीएफ जायज असल्याचं मत इस्लामी देशांच्या फिक्ह अकादमीने 1986 मध्ये अम्मानच्या बैठकीत दिलं. इजिप्तमधून तसा फतवा त्याआधीच, 1980 मध्ये आला होता. तिसऱ्याचं बीज किंवा शुक्राणू यांना या मतांत जागा नाही. म्हणून क्लिनिकच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी ‘डोनर’ हा शब्द कुठे आहे का ते वाचा. रमजानमध्ये इंजेक्शनं आली तर आपल्या मुफ्तीसाहेबांना आधीच विचारून घ्या. इंजेक्शन स्वतःच्या मनाने चुकवू नका.

दोघांसमोर ठेवायचा एक कागद

हकीमसाहेबांचा नुस्खा बऱ्याचदा उर्दूत असतो. आजच्या मराठी शाळेत शिकलेल्या सुनेला तो वाचता येत नाही, आणि क्लिनिकमधल्या डॉक्टरांना तर नाहीच. आम्हा शिक्षकांकडेही लोक असे कागद वाचून घ्यायला आणतात. सरळ उपाय असा: एका कोऱ्या पानावर देवनागरीत लिहा.

1. दोघांची नावं, वयं, आणि आतापर्यंतच्या तपासण्यांचे निकाल.
2. डॉक्टरांची सगळी औषधं, मात्रा आणि तारखा. फॉलिक ॲसिडसुद्धा.
3. हकीमसाहेबांची सगळी औषधं; प्रत्येकातले घटक त्यांच्याकडूनच लिहून घ्या.
4. दुकानातून, ऑनलाइन किंवा नातेवाइकांकडून आलेलं जे काही सुरू आहे ते.
5. बीज काढण्याची आणि गर्भ सोडण्याची ठरलेली तारीख.
6. औषध किती दिवस घेऊन बघायचं ती मुदत. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून पुरुषाची फेरतपासणी तीन महिन्यांनी. फरक नसेल तर पुढे ओढायचं नाही.

या पानाच्या दोन झेरॉक्स काढा. एक इथे, एक तिथे. दोघांपैकी कुणी ‘हे थांबवा’ म्हणालं तर इंजेक्शनांच्या चक्रापुरतं थांबवा. चक्र संपल्यावर पुन्हा विचारता येईल. औषध घेताना डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, अंगावर सूज आली, लघवी कमी झाली, पोट फुगून श्वास लागला तर पुडी घेऊनच लगेच मेयो, मेडिकल किंवा जवळच्या दवाखान्यात जा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर करता येते.

दवा करणं हे आपल्या दीनमध्येच सांगितलेलं आहे आणि दुआही सोबत चालते. हजरत जकरिया अलैहिस्सलाम यांची औलादीसाठीची दुआ आपल्याला माहीत आहे. ती प्रत्येक रिकाम्या कुशीच्या वाट्याला यावी. आमीन. आणि उद्या क्लिनिकला जाताना तो कागद पिशवीत आहे ना, हे बघून निघा.