कॉर्नेल विद्यापीठातील ओमायक्रॉन उद्रेक

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये करोना विषाणूच्या ओमायक्रॉन उपप्रकारामुळे झालेला उद्रेक. विद्यापीठ परिसरातील सुमारे ९७ टक्के लोकांचे लसीकरण पूर्ण झालेले असताना ७ ते १३ डिसेंबर या आठवड्यात ९०३ विद्यार्थी बाधित आढळले. मात्र विद्यार्थ्यांत गंभीर आजार दिसून आला नाही. लस संसर्ग रोखेलच असे नाही, पण आजाराची तीव्रता कमी करते, हा फरक या घटनेने विद्यापीठांच्या साथनियोजनात ठळकपणे पुढे आणला.

पार्श्वभूमी : २०२० च्या शरद सत्रात कॉर्नेलने विद्यार्थ्यांना परिसरात बोलावून वर्ग भरवले. या निर्णयामागे कॉर्नेलचेच प्राध्यापक पीटर फ्रेझियर यांच्या गटाने केलेले गणिती प्रतिमान होते. वर्ग ऑनलाइन ठेवले तरी बरेच विद्यार्थी इथाकात राहायला येतीलच आणि मग त्यांच्यावर चाचणीची सक्ती करता येणार नाही. त्यापेक्षा त्यांना परिसरात आणून वारंवार चाचण्या केल्यास संसर्ग कमी राहील, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यासाठी पशुवैद्यक महाविद्यालयात चाचणी प्रयोगशाळा उभारली गेली. विद्यार्थी स्वतःच नाकपुडीतून नमुना घेत. काही जणांचे नमुने एकत्र करून आरटी-पीसीआर चाचणी होई आणि एकत्रित नमुना पॉझिटिव्ह आला तरच प्रत्येकाचा नमुना वेगळा तपासला जाई. २०२१ च्या शरद सत्रापासून विद्यार्थ्यांना लस बंधनकारक झाली. चाचण्या मात्र चालूच राहिल्या.

उद्रेकाची ओळख : जागतिक आरोग्य संघटनेने २६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओमायक्रॉनला चिंताजनक उपप्रकार ठरवले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, सत्रपरीक्षांच्या तोंडावर, कॉर्नेलमध्ये रुग्णसंख्या उसळली. जनुकीय क्रमनिर्धारणाला काही दिवस लागतात. पण प्रयोगशाळेला त्याआधीच सुगावा लागला. ओमायक्रॉनच्या काट्याच्या (स्पाइक) प्रथिनाच्या म्हणजे ‘एस’ जनुकातील एका त्रुटीमुळे काही पीसीआर चाचण्यांत विषाणूचे इतर जनुक सापडतात, पण हा ‘एस’ जनुक सापडत नाही. तेव्हा सर्वत्र पसरलेल्या डेल्टा उपप्रकारात ही त्रुटी नसल्याने असे निकाल एकगठ्ठा येऊ लागणे हे नवा उपप्रकार शिरल्याचे लक्षण ठरले. ओमायक्रॉनचे जवळपास सर्व रुग्ण लसीच्या पूर्ण मात्रा घेतलेले होते. काहींनी बूस्टर मात्राही घेतली होती.

उपाययोजना : १४ डिसेंबर रोजी अध्यक्ष मार्था पोलॅक यांनी लाल इशारा जाहीर केला. उरलेल्या परीक्षा ऑनलाइन घेण्यात आल्या. ग्रंथालये व व्यायामशाळा बंद झाल्या, भोजनगृहांत बसून जेवणे थांबवून अन्न बांधून नेण्याची सोय ठेवली गेली आणि १८ डिसेंबरचा पदवीदान समारंभ रद्द झाला. सुटीसाठी घरी निघणाऱ्यांपुढे वेगळाच प्रश्न होता. गेल्या ४८ तासांतील चाचणी निगेटिव्ह असलेल्यांना जाण्याची मुभा मिळाली; इतरांना चाचणी करून निकाल येईपर्यंत थांबण्यास सांगण्यात आले. घाईने वसतिगृहे रिकामी केल्यास संसर्ग विद्यार्थ्यांसोबत घरोघरी पोहोचण्याचा धोका होता.

पुढील सत्र : विद्यापीठाने ३१ जानेवारी २०२२ पर्यंत बूस्टर मात्रा घेणे बंधनकारक केले. वसंत सत्राचे पहिले दोन आठवडे वर्ग ऑनलाइन झाले आणि फेब्रुवारीत ते पुन्हा प्रत्यक्ष भरू लागले. दरम्यान, २७ डिसेंबर रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने बाधितांच्या विलगीकरणाचा कालावधी दहा दिवसांवरून पाचवर आणला व पुढील पाच दिवस मुखपट्टी सुचवली. त्यामुळे विलगीकरणाच्या खोल्यांवरचा ताण कमी होण्यास वाव मिळाला.

तुलना : भारतात नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटकातील धारवाडच्या एसडीएम वैद्यकीय महाविद्यालयात असाच प्रसंग उद्भवला होता. महाविद्यालयातील एका कार्यक्रमानंतर प्रथम ६६ जण बाधित आढळले. चाचण्या वाढवल्यावर ही संख्या काही दिवसांतच २८१ वर गेली. त्यांतील बहुतेकांनी लसीच्या दोन्ही मात्रा घेतल्या होत्या. तेथे वसतिगृहे सील करण्यात आली.

मूल्यमापन : कॉर्नेलमधील डिसेंबरच्या नोंदींवर आधारित अभ्यासात बूस्टर घेतलेल्यांना संसर्ग होण्याची शक्यता, केवळ मूळ मात्रा घेतलेल्यांच्या तुलनेत, जवळपास निम्मी आढळली. म्हणजे बूस्टरने संसर्गाला आळा बसला, पण तो पूर्ण थांबला नाही. नियमित चाचण्यांमुळे नवा उपप्रकार लवकर हेरता आला. तथापि त्याच्या वेगापुढे आठवड्यातून एकदाची चाचणी अपुरी पडली. बहुसंख्य तरुण व लसीकृत असलेल्या समूहात केवळ बाधितांच्या आकड्यावरून परिसर बंद करावा, की आजाराची तीव्रता, जोखमीचे कर्मचारी आणि शहरातील रुग्णालयांवरील भार पाहून, हा प्रश्न त्यानंतर विद्यापीठांच्या धोरणाच्या केंद्रस्थानी आला.