रेव्हरंड टिळकांच्या श्रद्धेतील आनंद : एक ऐतिहासिक विचार

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा स्वजन दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंशीही काही वर्षे ताटातूट झाली. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. तो वियोग त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त नोंदला आहे. म्हणूनच टिळकांच्या श्रद्धेतील आनंद दुःखाच्या अभावातून उद्भवला, असे म्हणता येत नाही. अभंग व कीर्तन या परिचित रूपांतून ख्रिस्तभक्ती प्रकट करताना तो दिसून येतो. १९१७ मध्ये स्थापिलेल्या 'देवाचा दरबार'मध्ये बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. सारांश, धर्मांतर म्हणजे संस्कृतित्याग नव्हे, हे टिळकांनी दाखविले. मात्र या आनंदाचे मोल लक्ष्मीबाईंनीही चुकविले, हे इतिहासकाराने विसरता कामा नये.